मालिकेच्या सेटवर इंटर्नशिप मिळायलीय, कुठला विभाग मागू?

सेलूची_लेक
नमस्कार. मी मूळची सेलूची, संभाजीनगरला मास कम्युनिकेशनच्या एमएला आहे, पहिलं वर्ष. उन्हाळ्यात ओजेटी, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, करायची आहे. ओळखीतून ठाण्याच्या एका मराठी मालिकेच्या सेटवर विचारलं, तर म्हणाले, "ये, पडेल ते काम कर." मला खरं तर कॅमेरा शिकायचाय. पप्पा म्हणतात, पगार नाही, राहणं-खाणं आपल्याच पदरचं, मग जाऊन मिळणार काय? कुणी सेटवर काम केलं असेल तर खरं खरं सांगा.

जालना_एडिट
आधी एक सांग, डिपॉझिट किंवा 'युनियनचं कार्ड काढून देतो' म्हणून पैसे मागितलेत का? मागितले असतील तर विषय तिथंच संपव.

सेलूची_लेक
नाही दादा, पैशाचं काहीच बोलले नाहीत. देण्याचंही नाही आणि घेण्याचंही नाही.

अंबाजोगाईकर
मी अंबाजोगाईची. मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक आहे, कंटिन्युइटी बघते, म्हणजे एका शॉटमधलं कपडे-वस्तू-हालचाल पुढच्या शॉटशी जुळतंय का ते. तुला मनापासून सांगते, जरूर ये, पण 'पडेल ते काम' याला हो म्हणू नको. मोकळं माणूस दिसलं की प्रत्येक विभाग त्याला पळवतो. प्रॉडक्शनवाले कागद आणायला पाठवतात, कॉस्च्युमवाले इस्त्रीच्या कपड्यांमागं. महिना निघून जातो आणि शॉट कसा लागतो हेच बघायचं राहून जातं. फोन करून सरळ म्हण, "मला डिरेक्शन टीममध्ये कंटिन्युइटीला बसायचंय." कॅमेरा शिकायचा असला तरी हेच माग. कॅमेऱ्याला हात लावायला इंटर्नला सहसा मिळत नाही, पण कंटिन्युइटीचं माणूस मॉनिटरजवळ असतं. कुठली लेन्स लागली, मास्टरनंतर (पूर्ण सीनचा लांबून घेतलेला शॉट) क्लोज (जवळून चेहऱ्याचा) कुठून घेतला, हे सगळं तुझ्या डोळ्यासमोर होतं.

मालिकेचे सीन गोष्टीच्या क्रमानं शूट होत नाहीत. किचन लागलं की तीन-चार एपिसोडचे किचनचे सीन एकदमच उरकतात. समज, सून चहाचा कप घेऊन किचनच्या दारातून बाहेर पडते, हे आज झालं. तीच सून हॉलमध्ये येते, तो सीन परवा. मधे तिनं वेगळ्या एपिसोडसाठी दोनदा साडी बदललेली असते. आज कप कुठल्या हातात होता, पदर खोचलेला होता की सोडलेला, बांगड्या कुठल्या, वेणी पुढं होती की मागं, कपात चहा किती होता, हे तुझ्या वहीत आणि फोटोत पाहिजे. फोटो शॉट सुरू होताना काढतात तसा कट झाल्यावरही काढायचा, कारण पुढचा सीन शेवटच्या स्थितीपासून जोडायचा असतो. बायाबापड्यांचं घरातलं वावरणं तू गावाकडं बघितलंयस, ती नजर इथं कामाला येते.

क्लॅपवर, म्हणजे शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर वाजवतात त्या पाटीवर, सीन, शॉट, टेक (त्या शॉटचा कितवा प्रयत्न) बरोबर लिहायला पहिल्याच आठवड्यात शीक. आवाज वेगळ्या मशीनवर रेकॉर्ड होतो. क्लॅपच्या 'टक्'वर एडिटर तो चित्राशी जुळवतो.

पप्पांच्या प्रश्नाचं सांगते. या धंद्यात ठरलेले पैसेही बऱ्याचदा 90 दिवसांनी हातात येतात, त्यामुळं भाड्याचा हिशेब त्या भरवशावर करू नको. जेवण सेटवर असतं. जाण्यायेण्याचा खर्च मात्र माग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॉलेजचं पत्र घेऊन ये आणि त्यांच्याकडून तारखा, विभाग, रोजचे तास असं ईमेलवर लिहून घे. शिफ्ट बारा तासांची असते आणि लांबते.

अजून एक. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बिनपगारी शिकाऊ मुलीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच पाहिजे. समितीवर कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचार. मी नव्या पोरींना हे विचारायलाच लावते.

जालना_एडिट
ताईंशी सहमत. एडिटला बसून सांगतो, लॉग शीट, म्हणजे सेटवर प्रत्येक शॉट-टेकची नोंद केलेला कागद, नीट आली की आमचा अर्धा त्रास वाचतो. ज्याची शीट स्वच्छ, त्याचं नाव आम्ही पुढच्या प्रोजेक्टला आपणहून सुचवतो. आणि जायच्या आधी जमलं तर परभणी आकाशवाणीत किंवा संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात थोडं काम करून बघ.

सेलूची_लेक
ताई, पप्पांना सगळं वाचून दाखवलं. ते आता एवढंच विचारायलेत की पॅकअप, म्हणजे दिवसाचं शूटिंग संपणं, रात्री उशिरा झालं तर काय?

अंबाजोगाईकर
बरोबर विचारलंय त्यांनी. रात्रीच्या पॅकअपनंतर मुलींना सोडायला गाडी देता का, हेही त्याच ईमेलमध्ये घाल. सेट नेमका कुठं आहे ते कळल्याशिवाय खोली घेऊ नको. घोडबंदर रोडला असेल तर स्टेशनजवळची खोली काही कामाची नाही, सेटच्या बाजूलाच मुलींचं पीजी शोध. येताना देवगिरी एक्सप्रेसनं ये, सकाळी ठाण्याला उतरशील. पप्पांना पहिल्या दिवशी सोबत आणलंस तरी कुणी काही म्हणणार नाही, माझे बाबाही आले होते. ईमेलचं उत्तर काय आलं ते इथं टाक, वाचून सांगते.