दिग्दर्शक अर्ध्यावर बदलला तर कलाकृती कोणाची?

विंगेतला
'जस्टिस लीग' या सुपरहिरो चित्रपटाची दोन्ही रूपं लागोपाठ पाहिली. २०१७ मध्ये मुलीच्या निधनानंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाला आणि उरलेलं काम जॉस व्हेडनकडे आलं. त्याने बरंच काही पुन्हा चित्रित केलं. तेव्हा सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी ठेवावी लागली होती, ती कापायची सोय नव्हती. मग संगणकावर पुसली. सुरुवातीलाच पोरं फोनवर सुपरमॅनला प्रश्न विचारतात, तिथे त्याचा वरचा ओठ बघा. चेहरा कॅव्हिलचा, ओठ कोणाचा देव जाणे. संगीतकारही बदलला. २०२१ मध्ये स्नायडरचं चार तासांचं रूप आलं तेव्हा कळलं, सायबॉर्ग या पात्राची केवढी गोष्ट छाटली गेली होती ते.

माझं म्हणणं सरळ आहे. बदलायचाच तर चित्रीकरणाआधी बदला. मधूनच नवा माणूस आणला की जोड दिसतोच.

जुनाबाजार
दिसतोच हे कशावरून? 'गॉन विथ द विंड' घ्या. फेब्रुवारी १९३९, चित्रीकरणाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोवर जॉर्ज कुकरला नारळ दिला. व्हिक्टर फ्लेमिंगला 'द विझर्ड ऑफ ऑझ'वरून उचलून आणलं. तोही थकून मधे घरी बसला, तेव्हा सॅम वुडने किल्ला लढवला. तिघांनी मिळून केलेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, दिग्दर्शनाचं एकट्या फ्लेमिंगला! कारण चित्रपट मुळात निर्माता डेव्हिड सेल्झनिकचा होता. विल्यम कॅमेरॉन मेन्झीसने दृश्यं आधीच चितारून ठेवली होती. नकाशा तयार असेल तर माणूस बदलल्याने बिघडत नाही.

तिसरी घंटा
सोयीचं तेवढंच सांगितलंत. कुकर गेल्यावर व्हिव्हियन ली आणि ऑलिव्हिया डी हॅविलंड, दोघी त्याच्याकडे गुपचूप जाऊन प्रसंगांची तयारी करत होत्या. तेही एकमेकींना न सांगता! म्हणजे सेटवर फ्लेमिंग आणि नटीच्या डोक्यात कुकर. पडद्यावर जोड दिसला नाही, कारण तो नट्यांनी स्वतः शिवला.

नाटकवाल्यांना विचारा हे. आमच्या हौशी संस्थेत स्पर्धेच्या तोंडावर दिग्दर्शक बदलला. नव्याने पहिल्याच तालमीत मूव्हमेंट बदलल्या. सोफ्यामागून पुढे येताना म्हणायचं वाक्य आता खिडकीशी उभं राहून म्हणायचं. म्हणायला गेले तर वाक्यच आठवेना! संहिता तीच, नेपथ्यही तेच. पण पाठांतर नुसतं तोंडात नसतं हो, पायातही असतं. नवा दिग्दर्शक वाईट नव्हता, उलट हुशारच. पण त्याला आमचं नाटक करायचं नव्हतं, त्याचं करायचं होतं.

सोम ते शनि
मालिकेत काम करतो म्हणून सांगतो, तुम्ही सगळे दिग्दर्शकाला फार चढवून ठेवताय. आमच्याकडे दिग्दर्शक बदलतो आणि घरोघरी कोणाला पत्ताही लागत नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपत आली की दुसरं युनिट लावतात, एकाच दिवशी दोन दिग्दर्शक दोन सेटवर. पटकथाकार बदलला तर मात्र सासू आठवड्यात वेगळी वागायला लागते.

तिसरी घंटा
@सोम ते शनि, पत्ता लागत नाही, कारण तिथे लागण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. रागावू नका.

सोम ते शनि
रागावतो कशाला, पोट त्यावरच आहे. पण रोज वीस-बावीस मिनिटं हातावेगळी करून दाखवा, मग बोलू.

कोपऱ्यातली खुर्ची
नावाचं काय ते कोणीच बोलत नाही. 'स्टार वॉर्स' मालिकेतला 'सोलो' बघा. दिग्दर्शक फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर यांना जून २०१७ मध्ये काढलं, चित्रीकरण संपायला थोडेच आठवडे राहिले असताना. रॉन हॉवर्डने बराचसा भाग पुन्हा घेतला, दिग्दर्शक म्हणून नाव त्याचं. आधीचे दोघे कार्यकारी निर्माते झाले. नट मायकेल के. विल्यम्सला पुन्हा चित्रीकरणासाठी तारखा जमेनात, तर त्याचं काम गेलं आणि भूमिका पॉल बेटनीसाठी नव्याने लिहिली. दिग्दर्शक बदलला की फटका असा तिसऱ्यालाच बसतो. आपल्याकडे 'मणिकर्णिका'वर दिग्दर्शक म्हणून क्रिश आणि कंगना रणौत दोघांची नावं आहेत. वाद झालाच, पण निदान दोन नावं तरी दिसतात.

विंगेतला
जुनाबाजार, सेल्झनिक होता म्हणून निभावलं हे मान्य. पण मग 'स्पार्टाकस'? तिथेही निर्मितीवर नायक कर्क डग्लसची घट्ट पकड होती. त्याने दिग्दर्शक अँथनी मानला काढून तिशीतल्या स्टॅन्ली कुब्रिकला आणलं, चित्रपट चालला. आणि कुब्रिक? पुढे तो त्याला आपला म्हणायलाच तयार नव्हता. हे यश कोणत्या खात्यात टाकायचं?

जुनाबाजार
डग्लसच्या. सुरुवातीचा खाणीतला प्रसंग मानने घेतलेला आहे, पुन्हा बघा आणि जोड कुठे दिसतो ते दाखवा. कुब्रिकला आवडला नाही हा कुब्रिकचा प्रश्न, चित्रपटाचा नाही.

तिसरी घंटा
ज्याने केलं त्यालाच तो आपला वाटत नसेल तर तो चित्रपटाचाही प्रश्न आहे. यावर तुमचं-माझं जमणार नाही.