पाणी गेलं की काय आठवतं? (अनुभव धागा)

सुमीवाली: दोन दिवस नळाला पाणी नाही. पहाटे आई म्हणाली, "भांडी भरून ठेवायची अक्कल नाही व्हय गं?" आणि एकदम मार्च २०२२ आठवला. युक्रेनमध्ये सुमी शहरात एमबीबीएस करत होते. ३ तारखेला तिथल्या वीज केंद्रावर हल्ला झाला. लाइट गेली, हीटर थंड पडले, नळ कोरडे. नळाला कुणी धक्का लावला नव्हता, पंपाला वीज नव्हती एवढंच.

मग बर्फ गोळा केला. शिगोशीग भरलेली बादली वितळली की तळाला चार बोटं पाणी, त्यावर काजळी. माझ्या पिवळ्या ओढणीतून गाळायचो. दात घासायला अर्धा कप, आंघोळीचं नावच नाही. ८ मार्चला बस आल्या, पोल्तावा शहरात नेलं. घरी आल्यावर मी नळ सोडून नुसती बघत बसायचे. बाबा एरवी थेंबाथेंबाला ओरडतात, तेव्हा गप्प राहिले.

युद्ध, दंगल, कर्फ्यू, काहीही असो. पाणी, दवाखाना, रेशन बंद पडलेलं तुम्ही पाहिलंय का? लिहा.

लालबागची_माई: बाळ, वाचून पोटात कालवलं. ७१ च्या लढाईत मी मुंबईला, आठ वर्षांची. काचांना काळा कागद, भोंगा झाला की दिवे बंद. पण पहाटे आरेच्या दुधाच्या बाटल्या यायच्याच. आई अंधारात चाचपडत रांगेला जायची. एकदा दुसऱ्याच बाईचा हात धरून चाळीत घेऊन आली, मला समजून! लग्नानंतर इकडं कोल्हापूरला आले. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

तांबडा_पांढरा: २०१९ च्या पुरात पंपिंग स्टेशनंच पाण्यात. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर. आमच्या गल्लीत कळशीवरून दोन भाऊबंद भांडले, अजून बोलत नाहीत. हे युद्ध नव्हं, माहितेय.

वकीलसाहेब_नव्हे: यावर कायदा आहे. युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार, कलम ५४. पिकं, गुरं, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, म्हणजे ज्यावर सामान्य माणूस जगतो, ते त्याला मिळू नये म्हणून उद्ध्वस्त करायचं नाही. भारतानं १९४९ चे मूळ करार मानलेत, हा प्रोटोकॉल नाही. गंमत म्हणजे कलमात विजेचं नाव नाही. तीच वीज लष्करही वापरतं, म्हणून वाद होतो. सुमीवालीचा नळ नेमका तिथंच अडकला.

तांबडा_पांढरा: बॉम्बला कलम वाचता येतं व्हय?

वकीलसाहेब_नव्हे: बॉम्बला नाही, टाकणाऱ्याला येतं.

रिटायर_हवालदार: काँगोत गोम्याला होतो, युनोच्या शांतिसेनेत. आपल्या फौजेचं हॉस्पिटल होतं तिथं. गोळीची भीती सगळ्यांना असते. मला रस्ता बंद व्हायची जास्त वाटायची. रस्ता बंद, की डिझेल नाही. डिझेल नाही, की जनरेटर नाही. मग लशींचा फ्रीज काय कामाचा? रोज सकाळी साहेबांचा पहिला प्रश्न, "ड्रायव्हर पोचला का?" चहा नंतर.

गडहिंग्लजकर: हवालदार, कुठली बटालियन? आमचे मामा पण मराठा लाइट इन्फंट्रीत. नंबर द्या.

रिटायर_हवालदार: इथं नको. मेसेज करा.

पंचगंगेकाठी: आपल्या वळिवड्याचं कुणी काढलं नाही? दुसऱ्या महायुद्धात ५ हजाराच्या आसपास पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-पोरं, १९४३ पासून इथं राहिली. शाळा, दवाखाना, चर्च, सगळं होतं. आजी सांगायची, त्यांना अंडी विकायला गावातल्या बायका जायच्या आणि पोलिश आकडे शिकून यायच्या. फाळणीनंतर तिथंच सिंधी लोक आले, तेच आपलं गांधीनगर.

शाहूपुरीची_सून: अय्या, म्हणजे मी साड्या घेते ते? कालच दोन आणल्या!

राजारामपुरी_८: धागा वाचला नाही, सॉरी. आमच्याकडं टँकर कधी येणार कुणाला ठाऊक?

सुमीवाली: ओढणी अजून आहे, काजळीचा डाग गेला नाही. आई पुसायला घेणार होती, मी लपवली. माई, कुकर झाला का? पुढचं लिहा.

लालबागची_माई: तीन शिट्ट्या झाल्या. ती बाई पण घरी जाईना, चहा पिऊनच गेली.