मदत हवी आहे: अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन म्युझियममध्ये करायचंय

नमस्कार मंडळी, आमच्या अण्णांना ८१वं लागलंय, डिसेंबरात सगळे सुट्टीवर येतात तेव्हा सहस्रचंद्रदर्शन करायचंय. अण्णा रत्नागिरीत शाळेत इतिहास शिकवायचे, दरवर्षी सातवीची पोरं घेऊन थिबा पॅलेसला जायचे, आत शिरताना सगळ्यांना हात मागे बांधायला लावायचे आणि मगच सांगायला सुरुवात, की ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पकडलं, पुढच्या वर्षी इथे आणलं, हा वाडा १९१० ला बांधला आणि १९१६ ला तो इथेच गेला, परत घरी जाणं काही झालं नाही. त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी आले की त्यांचा आवाज अजूनही बारीक होतो. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की हॉल नको, म्युझियमच बघायचं.

थिबा पॅलेस पडला सरकारी, म्हणून तालुक्यातल्या एका छोट्या खाजगी म्युझियमला विचारलं. अंगण छान ऐसपैस आहे, त्यांनी हो म्हटलंय पण तोंडीच. माणसं १२० धरलीत, मुंबईकर सगळे आले तर १५०.

आता अडचण. इव्हेंटवाल्याला जागा दाखवायला नेलं तर तो दालनात उभा राहून म्हणतो, इथे बुफे, इथे धुराचं मशीन, त्या मूर्तीला लागून फोटो बूथ. माझ्या पोटात गोळाच आला. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात एक जुनी पोथी आहे, तिच्याखाली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवलीय, ती निळ्याची गुलाबी झालेली, म्हणजे आत आधीच दमट. आपली खारी हवा, त्यात दीडशे माणसं आणि गरम जेवणाची वाफ! शिवाय ८१ दिव्यांनी ओवाळायचं आहे ते कुठे करायचं? करारात काय काय लिहून घेऊ? कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
ताई, मी बरीच वर्षं म्युझियममध्ये काम केलंय. होम आणि ओवाळणं सकाळी घरीच उरका, संध्याकाळी फक्त सत्कार आणि जेवण, आणि तेसुद्धा अंगणात. दालनात ज्योत नको, धूर नको, ताट-ग्लास काहीच नको. सोलकढी सांडली तर डाग राहतोच, पण खरा ताप नंतर होतो, सांडलेल्या गोडावर मुंग्या-झुरळं येतात आणि मग कागद, कापड, लाकूड काही सोडत नाहीत. आत एका वेळी २०-२५ जणच सोडा, फ्लॅश बंद, पोथीवर फोकस मारू देऊ नका, कागद-कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड नको असं आम्ही धरतो. बेसवाले स्पीकर भिंतीला टेकवू नका, कपाटं थरथरतात.

प्रतिसाद २:
करार लेखीच करा. डिपॉझिट किती, कधी परत, काही फुटलं तर भरपाई कोणी द्यायची, त्यांचा माणूस रात्री शेवटपर्यंत थांबणार का, जनरेटर कुठे ठेवायचा. कार्यक्रमाच्या आधी दोघांनी मिळून दालनाचे फोटो काढून ठेवा, नंतर वाद नको. स्पीकर लावायला पोलिसांची परवानगी घ्या आणि रात्री १० ला बंद म्हणजे बंद. आणि कोणी सिंधुदुर्ग किल्ल्यासारखी जागा सुचवली तर लक्षात असू दे, केंद्राच्या संरक्षित स्मारकात पार्टी, रिसेप्शन, सभा काहीही असो, लेखी परवानगीशिवाय चालत नाही, १९५९ च्या नियमांतच तसं आहे.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दिवे घरीच, ठरलं. इव्हेंटवाल्याला नको म्हणून कळवलं, मांडव आमचा गावचा मांडववाला घालेल. सिलिका जेलचं मी स्वतः म्युझियमवाल्यांना सांगून आले, ते बदलतो म्हणाले. आता एकच, २५-२५ चे गट करून आत न्यायचे तर अण्णांनाच माहिती सांगू दे असं मनात आहे, पण सहा वेळा उभं राहणं त्यांना झेपणार नाही. दालनात खुर्ची ठेवायची परवानगी मिळते का, कपाटापासून किती लांब ठेवायला सांगतात?