नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी हार्ड डिस्कवर घेताना अडचण: लॉक आहे की डिस्क खराब?

गिरगाव_कट्टा:
घरातल्या नाटकांच्या व्हीसीडी, काही डीव्हीडी आणि भावगीतांच्या ऑडिओ सीडी हार्ड डिस्कवर घ्यायच्या आहेत. विंडोज लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर आहे. ऑडिओ सीडी उघडली की नुसत्या १ केबीच्या सीडीए फायली दिसतात. व्हीसीडीची डॅट फाईल अर्ध्याच्या पुढे जाऊन ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणत थांबते. एका डीव्हीडीच्या व्हीओबी (व्हिडिओच्या) फायली पूर्ण कॉपी झाल्या, पण लावल्या की हिरवे-गुलाबी चौकोन. दुकानदार म्हणतो, तिन्हींवर लॉक आहे. खरं का?

मेट्रोनोम:
लॉक असलाच तर फक्त डीव्हीडीवर आहे.

सीडीए फाईल म्हणजे गाणं नाही, विंडोजने दाखवलेली ४४ बाइटची नोंद आहे: ट्रॅक कुठे सुरू होतो, किती लांब आहे, एवढंच. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम घ्या, त्यात सिक्युअर मोड लावा, ‘टेस्ट अँड कॉपी’ने ट्रॅक दोनदा वाचून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाईलमध्ये) साठवा. दोन्ही वाचनांचे सीआरसी (पडताळणीचे) आकडे जुळले की ट्रॅक झाला. ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो का, म्हणजे वाचलेलं स्वतःच्या मेमरीत ठेवतो का, ते प्रोग्रॅमला आधी तपासायला लावा. नाहीतर दुसरं वाचन डिस्कवरून न होता कॅशमधूनच होतं आणि आकडे उगीच जुळतात.

व्हीसीडीला एन्क्रिप्शन म्हणजे लॉकच नाही. तिचा व्हिडिओ ‘मोड २ फॉर्म २’ प्रकारच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांत) असतो. साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट डेटा आणि चूक दुरुस्त करायला वेगळी जागा असते. इथे ती जागाही व्हिडिओला देऊन २३२४ बाइट भरतात. त्यामुळे सीडीची मूळ दुरुस्ती कमी पडली की पुढे काही आधारच नसतो. प्लेअर तेवढी फ्रेम गाळून पुढे जातो, विंडोज मात्र अख्खी कॉपी सोडून देतं. आयसोबस्टर या प्रोग्रॅममध्ये तो ट्रॅक निवडून फक्त एमपीईजी (व्हिडिओच्या) फ्रेम काढून घ्यायचा पर्याय वापरा. चित्र मुळातच ३५२×२८८ आहे, ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

प्लॅटफॉर्म_नं_४:
आधी डिस्क धुवा. साधं पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड. पुसताना मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्ट अजिबात नको. सीडीवर छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण डेटाचा थर त्या शाईच्या लगेच खाली असतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात प्लॅस्टिकच्या पाकिटात बुरशी धरते. ती पुसली जाते, पण चकाकी देणारा थरच खाल्ला गेला असेल आणि उजेडात धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसत असतील, तर तो भाग गेला.

वेग ८एक्स किंवा त्याहून कमी ठेवा. तरी अडलं तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एकाला न वाचता येणारा सेक्टर दुसरा कधी कधी सहज वाचतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने डेस्कटॉपचे साटा ड्राइव्ह शोधा, अशा कामाला ते पातळ यूएसबीवाल्यांपेक्षा बरे. लॉक नसलेल्या डीव्हीडीला लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम उत्तम. त्याची मॅप फाईल (कुठले सेक्टर वाचले याची नोंद) जपलीत तर ड्राइव्ह बदलून उरलेले सेक्टरच पुन्हा वाचता येतात. व्हीसीडीला मात्र ते चालत नाही.

कलम_बहाद्दर:
चौकोन म्हणजे बहुतेक सीएसएस. ही डीव्हीडीच्या लॉकची १९९६ची ४०-बिट किल्ल्यांची पद्धत. किल्ल्यांचा काही भाग डिस्कच्या लीड-इनमध्ये, म्हणजे फाईल म्हणून न दिसणाऱ्या सुरुवातीच्या भागात असतो. तुम्ही फायली उचलल्या, किल्ली डिस्कवरच राहिली. खात्री करायची तर तीच डीव्हीडी व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट लावा: डिस्कवरून चित्र स्वच्छ आणि कॉपीत चौकोन असतील तर सीएसएस, दोन्हीकडे एकाच जागी अडखळत असेल तर ओरखडा. रीजन म्हणजे डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी याचा क्रमांक, भारताचा ५. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, तेव्हा परदेशातून आलेल्या डिस्कसाठी तो उगाच फिरवू नका.

कायद्याचं: २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूची अट महत्त्वाची आहे. कलम ५२ खाजगी वापराला वाजवी मर्यादेत सूट देतं. स्वतःच्या डिस्कची घरातली प्रत आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली लिंक यांत म्हणूनच फरक आहे. लॉक तोडायच्या सॉफ्टवेअरची नावं मी इथे देणार नाही.

गिरगाव_कट्टा:
डीव्हीडी प्लेअरमधून कॅप्चर कार्डवर घेतलं तर?

मेट्रोनोम:
पिवळ्या एव्ही पिनमधून मॅक्रोव्हिजन हे कॉपी रोखणारं तंत्र आडवं येऊ शकतं. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत चढे पल्स घातलेले असतात, त्यामुळे रेकॉर्ड करणाऱ्याचं ऑटो गेन फसतं आणि चित्र उजळ-अंधुक होत राहतं. एचडीएमआयमधून घेताना एचडीसीपी (त्या केबलवरचं लॉक) असेल तर कार्डावर काळा पडदा येईल. कार्ड बिघडलेलं नसतं, परत करायला धावू नका. त्यापेक्षा आधी व्हीसीडी आणि ऑडिओ सीडी उरका, त्या खराब होतायत. ज्या डीव्हीडी व्हीएलसीत नीट लागतात, त्या थोडं थांबू शकतात.