लेबर रूमची नर्स ट्रॅव्हल नर्स होऊ शकते का? मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, नागपुरात धंतोलीत एका प्रसूतिगृहात 8 वर्षांपासून लेबर रूम सांभाळते. अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सचं (म्हणजे थोड्या मुदतीसाठी वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या नर्सचं) कॉन्ट्रॅक्ट बहुतेकदा 13 आठवड्यांचं असतं, त्याआधी एनसीएलएक्स-आरएन ही तिकडची नर्सिंग लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते, एवढं कळलंय. अडचण वेगळीच आहे. मी पोटावर हात ठेवून कळा मोजते, बाळाचे ठोके डॉप्लरने ऐकते. तिकडे बहुतेक ठिकाणी मॉनिटरची पट्टी सतत वाचायची. आमच्याकडे ही पट्टी काढणारं सीटीजी मशीन (बाळाचे ठोके अन् कळा नोंदवणारं) एकच, तेही कागद संपला की पडून! नागपुरात हे वाचन नीट शिकवणारं कोणी आहे का? अन् सीताबर्डीतला एक एजंट आत्ताच 50 हजार मागतोय, पावतीचं नाव काढलं की विषय बदलतो. मला तर काळंबेरं वाटतंय. जीएनएमवर कोणी गेलं असेल तर सांगा. आज नाइट आहे, सकाळी वाचीन.