मदत हवी आहे: नानांच्या छातीत पाणी, टीबीच्या गोळ्या, आणि आता मेसोथेलिओमा

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले. वडील (नाना) ६७ वर्षांचे, बिडी-तंबाखूचा आयुष्यात स्पर्श नाही. श्रावणात केळीच्या बागेत चालता चालता धाप लागली आणि बांधावरच बसले. उजव्या छातीत पाणी निघालं, दीड लिटर काढलं, टीबी धरून गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे बऱ्याचदा टीबी असतो, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. पण दोन महिन्यांत पाणी पुन्हा भरलं. मग जळगावला सीटी स्कॅन केला, दुर्बिणीतून फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला. रिपोर्टात मेसोथेलिओमा, म्हणजे त्या आवरणाचा कॅन्सर.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं, "आधी काय काम करायचे?" मी म्हटलं शेती. नाना मध्येच बोलले, "१९८८ ते ९७ लॅगिंगला व्हतो ना." ठेकेदाराकडे रोजंदारीवर, बॉयलरच्या पाइपांवर थर चढवायचं काम. "कापूसच व्हता तो. पांढरा." तोंडाला उपरणं, तेही उन्हासाठी! संध्याकाळी आई तो सदरा अंगणात झटकून मग धुवायची. हे मला लख्ख आठवतं, कारण ते पांढरं उडालं की आम्ही पोरं त्यात नाचायचो.

विचारायचं असं की, पुढे नेमकं कुठे जावं? आईची तपासणी करावी का? ठेकेदार कधीच गेला, कागद काहीच नाही, तर भरपाईचा काही मार्ग आहे का? आणि गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, ते काढून टाकू का?

प्रतिसाद १
दादा, मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवा. नुसता रिपोर्ट नेऊ नका, तुकड्याच्या काचा आणि मेणाचे ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या. हा आजार ओळखणं अवघड असतं, तिथे पुन्हा तपासतील. नानांचा तो पांढरा 'कापूस' बहुधा अ‍ॅसबेस्टॉस, म्हणजे धाग्यांचं खनिज. त्याचे धागे श्वासातून गेल्यावर २० ते ५० वर्षांनी हा आजार वर येतो, म्हणून जुनं काम कुणाच्या डोक्यातच येत नाही. बिडीशी याचा संबंध नाही. केमो बहुधा पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनम गटातलं औषध अशी जोडीने देतात, काहींना इम्युनोथेरपीही. शस्त्रक्रिया मोजक्यांनाच जमते. पाणी वारंवार भरत असेल तर छातीत नळी ठेवण्याबद्दल आवर्जून विचारा, धापेला लगेच आराम पडतो.
आईंना त्रास नसेल तर लवकर शोधून काढणारी खात्रीची तपासणी नाही. पण कपड्यांवरच्या धुळीनेही हा आजार होतो, तेव्हा धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना सदऱ्याची गोष्ट आधी सांगा.

प्रतिसाद २
भरपाईचं सांगतो. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅसबेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ठेकेदार नसला तरी मूळ मालकावर दावा लागू शकतो. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये अशा उद्योगांना कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाच्या सुरुवातीपासून ४० वर्षं ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे तुमच्या बाबतीत २०२८ पर्यंत. नोंद मागा. नसेल तर सोबतच्या कामगारांचे जबाब घ्या, कामगार वकील गाठा.
सिमेंटच्या पत्र्यांतही अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो, पण ते साबूत असतील तर राहू द्या. ग्राइंडर, ड्रिल लावू नका. फुटलेला काढायचाच तर ओला करून, न तोडता अख्खा उतरवा.

मूळ लेखक
दोघांचेही आभार. काचा आणि ब्लॉक सोमवारी मिळणार, मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघतोय.
जबाबासाठी काल नानांना जोडीदारांची नावं विचारली. बोटांवर मोजत आठ सांगितली. तिघे हयात आहेत. गेलेल्यांपैकी दोघांचं त्यांच्या घरी अजून 'टीबीने गेले' असंच सांगतात. हयात तिघांपैकी एकाला आत्ताच धाप लागते म्हणे, फैजपूरला राहतो. जाताना त्याच्याकडे थांबणार आहे, पण सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. कुणी असं बोललंय का कुणाशी?