उत्तर: कोकणातल्या एसटीला एमएच २० पासिंग कसं?

तुम्ही राजापूर बाजूला काढलेल्या फोटोत एमएच २० ची, म्हणजे संभाजीनगर पासिंगची लालपरी दिसली म्हणून ती संभाजीनगरहून आली, असं कोणीतरी लिहिलंय. तसं असेलच असं नाही. एसटीच्या पासिंगवरून आगार कळत नाही, बांधणी कुठली ते कळतं. पुण्याजवळच्या दापोडीच्या एसटी कार्यशाळेत बांधलेली गाडी एमएच १४, संभाजीनगरच्या चिकलठाण्याची एमएच २० आणि नागपूरजवळच्या हिंगण्याची एमएच ४०. आगार हवं असेल तर बॉडीवर रंगवलेलं नाव वाचायचं, नंबर प्लेट नव्हे.

म्हणजे तुमच्या फोटोतली एमएच २० कोकणच्याच आगाराची असू शकते. गाडीच्या बाजूवर विदर्भातल्या आगाराचं नाव असतं, तर मात्र तो खरा दुर्मीळ पाहुणा! यात्रेच्या जादा गाड्या आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या लांबलांबच्या आगारांतून मागवतात, त्यामुळे असे नमुने टिपायचे तर तेच दिवस. नाहीतर महाबळेश्वर-पंढरपूरसारखी गर्दीची स्थानकं.

अशोक लेलँडकडून तयार बांधून आलेल्या नव्या गाड्यांना हा हिशेब लावू नका, त्या एसटीच्या कार्यशाळेत बांधलेल्याच नाहीत. आणि पुढच्या वेळी फोटो बाजूने काढा हो, सगळेच समोरून काढतात.